पदराकडून घातलेली फरशी

कुठलंही काम न करता त्या कामाची इतकी चोख तयारी करून ठेवणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. मी स्वतः कामाची माणूस आहे. सकाळी चहाचं आधण चढवलं की दिवसाच्या कामांची यादी करते आणि संध्याकाळी तिच्यावर रेघा मारून मगच कुकर लावते. त्यामुळे प्रताप नगरातल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझी आणि त्यांची जातकुळी वेगळी असल्याचं माझ्या लक्षात आलं. मी काम उरकते. ते काम ताणून धरायचे. 'ताणून' हा शब्द मी जपून वापरलेला आहे, कारण घरमालक विणकराच्या घरातले होते. तरुणपणी जुन्या शहरात वडिलांच्या मागावर बसून त्यांनी नागपुरी काठाची लुगडी विणली होती. पुढे हातमागाचं दुकान बसलं तसे ते हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागले. पण कंपनीच्या बसमधून रोज हिंगण्याला जाणारा हा माणूस मनानं मागावरून उठलेलाच नव्हता. "ताई, विणनं सोपं हाय," ते मला सांगायचे. "ताणा लावनं, म्हनजे उभे धागे सरळ ताननं, कठीण. ज्याचा ताणा सरळ, त्याचं कापड आपोआप होते." कापडाचं होत असेल. घराच्या फरशीचं काही आपोआप होत नव्हतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

त्यांनी घर बांधलं तेव्हा पुढच्या मोठ्या खोलीत नुसता काँक्रीटचा कोबा करून ठेवला होता. त्यावर चांगल्यातली फरशी घालायची, तीही आपल्या हातानं, असं त्यांनी बायकोला वचन दिलं होतं. पहिल्या दिवाळीपर्यंत होणार होती. मालकीणबाई उमरेडच्या, त्याही विणकरांच्याच घरातल्या. जन्मभर शेणानं सारवलेल्या जमिनीवर वावरलेल्या. त्यांचं आणि त्या कोब्याचं पहिल्या दिवसापासून वैर होतं. "ना सारवता येते, ना पुसता येते," कमरेला पदर खोचून त्या मला सांगायच्या. "झाडलं का धूळ, अन् पोतेरं मारलं का चिखल. थंडीत पाय गारठते, उन्हाळ्यात भाजते. हे काय घर हाय? हे तं मोटारीचं गॅरेज हाय." घरमालक हे सगळं मान खाली घालून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी थोडी तयारी करायचे.

तयारीचे त्यांचे प्रकार सांगायचे तर कुठून सुरुवात करावी असा प्रश्न पडतो. त्या काळी चिनी मातीच्या चकचकीत टाइल्स लोक न्हाणीघराच्या भिंतीला लावत. जमिनीला लावायच्या टाइल्स नव्यानंच आल्या होत्या आणि पुष्कळांनी त्या पाहिल्याही नव्हत्या. घरमालकांनी त्यातली एक फिकट बदामी टाइल नमुना म्हणून आणली आणि कापडी पिशवीत घालून ते ती सगळीकडे नेऊ लागले. कुणाच्या घरी सत्यनारायणाला गेले की प्रसाद घ्यायच्या आधी पिशवीतून टाइल काढायची, यजमानांच्या शहाबादी फरशीवर ठेवायची आणि मान वाकडी करून बघायची. मे महिन्यात ती टाइल त्यांनी दुपारभर अंगणात उन्हात ठेवली. मग आमच्या ह्यांना चप्पल काढून तिच्यावर उभं केलं. "भाजते का?" हे म्हणाले, भाजतंय. मग टाइल आमच्या माठाखाली सारली आणि संध्याकाळी पुन्हा ह्यांनाच उभं केलं. "आता सांगा. थंड वाटते ना?" ऑफिसातून दमून आलेला माणूस एका टाइलवर दोन्ही पाय जुळवून उभा आहे आणि घरमालक खाली वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघताहेत, हे दृश्य मी स्वयंपाकघरातून पाहिलेलं आहे. हे म्हणाले, "थंड आहे, काका. आता जेवू का?"

मग त्यांनी ताणा लावला. म्हणजे पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खिळे ठोकून, घोट्याच्या उंचीवर एकाशेजारी एक दोऱ्या बांधल्या. प्रत्येक ओळ या दोरीवरून जाईल, रेघ केसभर हलायची नाही. दोऱ्या बांधल्या गेल्या त्या बांधलेल्याच राहिल्या. त्या घरात येणारा प्रत्येक माणूस बगळ्यासारखा पाय उचलत येऊ लागला. विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस उंबऱ्यावरच थबकायचा आणि "काका, आकडा तुम्हीच सांगून टाका" म्हणायचा. मालकीणबाई हातात पाण्याची घागर घेऊन दोऱ्या ओलांडायच्या आणि दर दोरीला एक शिवी हळू आवाजात द्यायच्या. अलीकडच्या दोऱ्यांना सौम्य आणि पलीकडच्यांना कडक.

दोऱ्यांवरून कळलं की शेवटच्या भिंतीशी अख्खी टाइल मावत नाही, दोन बोटं कमी पडतात. कुणीही अशा वेळी टाइल कापतो. घरमालकांना ते ऐकवेना. "मागावरच्या कापडाले कोनी कात्री लावते का?" त्यांनी टाइल कापली नाही. त्यांनी छिन्नी घेऊन त्या भिंतीचा गिलावा खरवडला, अख्खा, खालून गुडघ्यापर्यंत, आणि खोली दोन बोटं वाढवली. हे काम त्यांनी एका पावसाळ्यात संपवलं, आणि त्यांच्या हातून संपलेलं म्हणून मी पाहिलेलं हे पहिलंच काम. याच सुमारास मी न राहवून त्यांना कामांचा क्रम एका कागदावर लिहून दिला. आधी कोबा छिन्नीनं खडबडीत करून धुणं, मग टाइल्स भिजत घालणं, मग अमुक, मग तमुक. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरांत, 'चांगला मिस्त्री बघणे'. त्यांनी तो कागद देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टोचून ठेवला आणि मला म्हणाले, "अक्षर लय सुंदर हाय, ताई. पण घरचं लुगडं दुसऱ्याच्या मागावर नाही विनत."

एक सवय मात्र सांगायची राहिली, कारण पुढे तिचं काम आहे. त्यांच्या वडिलांचा माग जमिनीतल्या खड्ड्याचा होता. विणणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडून बसायचं. लहानपणापासून तसं बसल्यामुळे घरमालकांना मांडी घालून बसणं जमत नसे. पाय लोंबकळले तरच त्यांना बसल्यासारखं वाटे. लग्नाच्या पंगतीत ते मांडवाबाहेर कुठलं तरी कट्ट्याचं टोक शोधायचे आणि ताट मांडीवर घेऊन जेवायचे. घरी त्यांच्याकडे एक उंच लाकडी स्टूल होतं. त्यावर बसून, पाय हलवत, ते कोब्याकडे बघत राहायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा फरशी तयार असायची, हे मला आता कळतं. मालकीणबाईंच्या पायांखाली मात्र कोबा असायचा.

एका श्रावणात मालकीणबाई भाच्याच्या लग्नाच्या बोलण्यांसाठी उमरेडला निघाल्या. रिक्षात बसता बसता त्यांनी मला जवळ बोलावलं. घरमालक ओट्यावर पाय सोडून बसलेले होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "ताई, त्याइले सांगा. फरशी झाल्याबिगर मी या घरात पाय ठेवत नाही." घरमालकांनी ऐकलं आणि मान डोलावली, जणू बाईंनी बाजारातून मेथी आणायला सांगितली होती. त्यांना वाटलं, येईल आठ दिवसांत. दिवाळी झाली, लग्न झालं, थंडी संपत आली. मालकीणबाई आल्या नाहीत.

या दिवसांतले घरमालक मला नेहमी आठवतात. त्यांनी तक्रार केली नाही की बाईंचं नाव काढलं नाही. फक्त अधूनमधून आमच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहायचे. "ताई, जिरं कुठी ठेवत होती ती, तुमाले ठाव हाय का?" मला कसं ठाऊक असणार? मी आमच्या डब्यातलं द्यायची. पुन्हा काही दिवसांनी तेच. त्यांच्याकडे माझंच जिरं एव्हाना वाटीभर साठलं असेल, तरी ते विचारत. संध्याकाळी हिंगण्याहून आले की ओट्यावर पाय सोडून बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "उमरेडची गाडी आली असंन आता." बसस्टँड तिथून कुठच्या कुठे. गाडीचा आवाज येणं शक्य नव्हतं. मग थोड्या वेळानं म्हणायचे, "आतापर्यंत रिक्षा भेटली असती." आणखी थोड्या वेळानं उठून आत जायचे, अंधारात, दोऱ्यांवरून बरोबर पाय उचलत.

होळीच्या आधी मालकीणबाईंचे भाऊ आले. ते बाईंचा चरखा न्यायला आले होते. विणण्यासाठी सुताच्या कांड्या भरायचा तो जुना लाकडी चरखा बाईंनी माहेराहून आणलेला. मेहुणे अंगणात उभे राहून सहज बोलावं तसे म्हणाले, "भाऊजी, मी घराले एक खोली काढून राहिलो. बाईसाठीच. तिचंबी मन लागलं तठी. आता या वयात कशाले इकडून तिकडे?" मी तारेवर कपडे वाळत घालत होते. घरमालकांनी चरखा आतून आणला, दोऱ्यांवरून डोक्यावर धरून. धोतराच्या सोग्यानं त्याची धूळ पुसली. मेहुण्यांच्या हातात देताना त्यांनी एक क्षण तो सोडलाच नाही; दोघांनी दोन बाजूंनी धरलेला चरखा मधल्यामध्ये तसाच राहिला. मग ते म्हणाले, "तिले सांगजा, शनिवारी फरशी होते."

मेहुणे हसले. "कोन्या शनिवारी?"

"या."

जन्मात पहिल्यांदा घरमालकांनी एखाद्या कामाला वार दिला होता. मेहुणे चरखा घेऊन गेले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या, आणि खरं सांगायचं तर माझ्याही उडाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली भरायला गेले तर बादलीत टाइल आली. इतकी वर्षं खोक्यांत जमवून ठेवलेल्या सगळ्या टाइल्स त्यांनी अंगणातल्या सामाईक टाकीत भिजत घातल्या होत्या. आत कोब्यावर छिन्नी चालू झाली होती. त्यांनी कारखान्यात रजा टाकली. दोऱ्या एकेक करून सुटत गेल्या, आणि ज्या खोलीत इतकी वर्षं काही हललं नव्हतं तिथून दिवसभर थापीचा, पाण्याचा, टाइल हलकेच ठोकून बसवल्याचा आवाज येऊ लागला. मी माझ्या ऑफिसला जाता येता दारातून डोकावायची. आणि मी डोकावले तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ते फरशी घालत नव्हते, लुगडं विणत होते. दाराशी गडद चॉकलेटी टाइल्सचा रुंद पट्टा, तो पदर. दोन्ही भिंतींच्या कडेनं त्याच रंगाची एकेक ओळ, ते काठ. आणि मधे फिकट बदामी अंग. "पदर आधी," ते घाम पुसत म्हणाले. "पयली नजर पदरावर जाते ना." मी यादीत खूण करावी तशी मनातल्या मनात खूण केली आणि ऑफिसला गेले. त्यातली चूक तेव्हा माझ्याही ध्यानात आली नाही.

शनिवारी माझा अर्धा दिवस. दुपारी घरी आले, स्वयंपाक उरकला आणि आमच्या खिडकीसमोरच्या त्यांच्या खिडकीतून हाक आली. "ताई, जरा चहा भेटंन का?" मी जाऊन पाहिलं. फरशी झाली होती. दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत, एकही टाइल न कापता, ओली, सांधे भरायचे तेवढे राहिलेली, दोरीसारखी सरळ. आणि त्या फरशीच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीखालच्या कोपऱ्यात, नुकत्याच बसवलेल्या शेवटच्या टाइलच्या वर, खिडकीच्या वीतभर कट्ट्यावर पाय सोडून घरमालक बसले होते. मिस्त्री लोक फरशी आतल्या कोपऱ्यातून सुरू करतात आणि मागं सरकत दारातून बाहेर पडतात. घरमालक दारातून सुरू करून आतल्या कोपऱ्यात पोचले होते. बाहेरचं दार आणि स्वयंपाकघराचं दार, दोन्ही त्यांच्यापासून लांबच्या टोकाला. खिडकीला लोखंडी गज. चोवीस तास त्या फरशीवर पाय पडून चालणार नव्हता.

"असं कसं केलं, काका?" मी विचारलं.

ते विचारात पडले. "मागावर विननारा हालत नाही, ताई. तो एका जागी बसते, अन् कापड त्याच्याकडं येते. बाहेर कसं निघाचं, हा सवालच नसते." मग पाय हलवून म्हणाले, "पाय मात्र मस्त लोंबले."

चहाची बशी गजांतून गेली. ताट जाईना, म्हणून मी पोळीत भाजी गुंडाळून सुरळ्या केल्या आणि एकेक आत सरकवली. ते खात होते, पण लक्ष दाराकडे होतं. फरशी झाली होती आणि शनिवार संपत आला होता. उमरेडची गाडी येऊन गेली असणार, हे त्यांनी या वेळी बोलून दाखवलं नाही. सुरळी हातात तशीच राहिली. मीच विचारलं, "आणखी देऊ?" ते म्हणाले, "राहू द्या. तिच्यासाठी ठेवा दोन."

उन्हं कलली तेव्हा फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. आधी चरखा दिसला, मग त्याच्या मागं मालकीणबाई. चरखा त्यांनी मांडीवर घेतलेला होता. रिक्षावाला तो उतरवू लागला तर त्याला हात लावू दिला नाही. ओट्यापर्यंत स्वतः आणला, खाली ठेवला, आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीशी होते, मला दोघंही दिसत होते. बाईंनी पदराचा चॉकलेटी पट्टा पाहिला, काठ पाहिले, आणि मग नजर सरकत सरकत कोपऱ्यातल्या नवऱ्यापर्यंत गेली. त्यांनी उजवा पाय उचलला.

"पाय ठेवू नोको वं," घरमालक म्हणाले.

बाईंचा पाय अधांतरी राहिला. "काहून?"

"वल्ली हाय."

"इतके वर्सं फरशी होते, फरशी होते करत होते. आता झाली तं म्हनते पाय ठेवू नोको." त्यांनी पाय मागं घेतला. "अन् तुमी तठी काय करून राहिले जी?"

"बसून राहिलो."

"ते दिसते मले. बाहेर कसे निघान?"

"उद्या निघतो."

"मिस्त्री कोपऱ्यातून सुरू करते, दाराकडं येते. लहान पोराले समजते."

"मिस्त्रीले घरी जाचं असते," घरमालक म्हणाले. "मले कुठी जाचं हाय?"

बाई उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसल्या, चरख्याला पाठ टेकून. मी जाऊन म्हटलं, आमच्याकडे चला, हातपाय धुवा, चहा घ्या. "इथंच द्या, ताई," त्या म्हणाल्या. मग मी ठेवलेल्या त्या दोन सुरळ्या त्यांना दिल्या. त्यांनी त्या उलगडून पाहिल्या आणि विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "खिडकीतून जातील अशा पोळ्या." बाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय, ते मला दिसलं नाही.

मग त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. मधे ओली फरशी, या टोकाला त्या, त्या टोकाला ते. उमरेडला कुणाची म्हैस व्याली, भाच्याची बायको कशी आहे, भावाच्या नव्या खोलीला दरवाजा कुठल्या दिशेला काढला. "खोली चांगली काढली," बाई म्हणाल्या. "फरशीबी लावतो म्हने. मिस्त्रीकडून." मग म्हणाल्या, "काठ नाही म्हने तिले." घरमालकांनी विचारलं, "इथले काठ कसे वाटते?" त्या वाकून, तळहात जमिनीला न लावता नुसता वरून फिरवत म्हणाल्या, "एक ओळ जाडी झाली. पन चालंन." ज्या दोन माणसांमध्ये इतक्या वर्षांत मी दोनच विषय ऐकले होते, कोबा आणि दिवाळी, ती दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मी माझी कामं करत होते, आणि करता करता हातातलं काम पुन्हा पुन्हा थांबत होतं. एवढं ऐकू आलं:

"जिरं कुठी ठेवत होती वं?"

"पोह्याच्या डब्यात. मुंग्या लागत नाही म्हनून."

"मले काय ठाव."

"विचारलं नाही तुमी."

दुसऱ्या दिवशी फरशीवर पहिला पाय बाईंनी ठेवला. मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "थंड हाय," म्हणाल्या, एवढंच. मग कोपऱ्यात जाऊन नवऱ्याला हात दिला, कारण रात्रभर लोंबकळून त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. सांधे पांढऱ्या सिमेंटनं दोघांनी मिळून भरले. त्या दिवसापासून त्यांच्याकडे कुणी आलं आणि उंबऱ्यावर क्षणभर घुटमळलं की दोघांपैकी एक जण आतून म्हणायचं, "या, या. वाळली हाय." सगळ्या वस्तीला तो विनोद पाठ झाला होता. मीटर वाचणारा आता आत येऊन, पाय पुसून, आकडा स्वतः बघून जायचा. मी मात्र त्या खोलीत शिरताना सवयीनं पाय उचलायची. दोऱ्या गेल्या होत्या, पण माझ्या पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे आम्ही आमचं घर बांधलं आणि तिथून निघालो. आमच्या घराची फरशी मिस्त्रीनं घातली, कोपऱ्यातून दाराकडे, आखून दिलेल्या दिवसांत. काही वर्षांनी मालकीणबाई गेल्या. थोड्या दिवसांचं दुखणं होतं. त्यानंतर मी महिन्यातून एकदा घरमालकांकडे जायची, डबा घेऊन. ते उंच स्टूल त्यांनी आता त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं, खिडकीखाली, दाराकडे तोंड करून. मी उंबऱ्याशी पोचले की आतून आवाज यायचा, "या, या. वाळली हाय." मी डबा ठेवायची, औषधं बघायची, जिरं संपलंय का ते पोह्याच्या डब्यात हात घालून पाहायची, आणि पुढच्या कामाला निघायची.

शेवटच्या खेपेला मी गेले तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या पाठीमागून उजेड येत होता, तेव्हा त्यांना माझा चेहरा दिसला नसावा, नुसती दारातली बाई दिसली असेल. मी चप्पल काढून पाय उचलला.

"थांब वं," ते म्हणाले. "वल्ली हाय अजून."

मी पाय मागं घेतला. बाजार, दवाखाना, शिंप्याकडचे कपडे, सगळं त्या संध्याकाळी व्हायचं होतं. मी डबा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि ओट्यावर बसले, मालकीणबाई बसल्या होत्या त्याच जागी. आतून त्यांनी विचारलं, "गाडीले गर्दी होती का?" मी म्हटलं, "नव्हती जी." मग ते बोलत राहिले, आणि काळोख पडेपर्यंत मी बाहेर बसून फरशी वाळायची वाट पाहत राहिले.